तेरणेच्या काठावर हिमालय

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. उमरगा, औसा तालुक्यांतल्या गावांत रात्री उशिरापर्यंत मिरवणुका चालल्या. गणपती बोळवून लोक घरी आले आणि गुलालाच्या अंगानंच आडवे झाले. पंचांगानं तिथी बदलली होती, पौर्णिमा लागली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली.

माझा जन्म त्यानंतरचा, पुनर्वसनातल्या गावातला. आमच्याकडे वय सांगायची रीतच वेगळी आहे: अमका भूकंपाआधीचा, तमका भूकंपानंतरचा. आजी तेव्हा सास्तूरच्या बाजूला होती. ती त्या रात्रीबद्दल फार बोलत नाही. बोलली तर एवढंच म्हणते, "आधी आवाज आला. खालून कुणीतरी दळण दळतंय असा. मग भुई चाळणीगत हालली."

काही सेकंदांचा खेळ होता. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. काही नोंदी हा आकडा दहा हजारांच्या जवळ नेतात. ५२ गावं पुन्हा त्या जागी वसलीच नाहीत. दोन जिल्हे म्हणतोय खरा, पण १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. जमिनीला ती वाटणी माहीत असायचं काही कारण नव्हतं.

भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. जगाच्या हिशेबात हा मध्यम. जपानमध्ये असे धक्के येतात आणि दुसऱ्या दिवशी लोक कामावर जातात. मग आमच्याकडे एवढी माणसं का गेली, हा एक प्रश्न. आणि मुळात तो इथं आलाच का, हा दुसरा. आधी दुसरा घेऊ, कारण तो आपल्याला फार लांब नेतो.

*

१९९३ साली देशाच्या अधिकृत भूकंप नकाशात पाच विभाग होते. पाचवा सर्वांत धोक्याचा, पहिला सर्वांत सुरक्षित. किल्लारी, सास्तूर, लोहारा हा पट्टा पहिल्या विभागात होता. म्हणजे कागदोपत्री आम्ही देशातल्या सर्वांत निवांत जमिनीवर झोपलो होतो.

नकाशा करणारे अडाणी नव्हते. दख्खनचं पठार म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा जुना, थंड, टणक तुकडा. भूगोलाच्या पुस्तकात याला 'स्थिर भूभाग' म्हणत. भूकंप कुठे होतात? जिथे दोन प्लेटा एकमेकींना घासतात किंवा धडकतात तिथे. आपली प्लेट धडकते ती हिमालयात. हिमालय तेरणा नदीपासून हजार किलोमीटरहून लांब. तिथली भांडणं तिथे.

या स्थिरपणाला एक तडा आधीच गेला होता. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेत ६.३ चा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसं मेली. पण तिथे कारण सापडलं: धरण. शिवाजीसागर भरल्यावर धक्के सुरू झाले होते. अपवाद म्हणून कोयना बाजूला ठेवता आली.

किल्लारीला १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच हादरे बसत होते. भांडी वाजायची, लोक बाहेर पळायचे, काही दिवस अंगणात झोपायचे. मग हादरे थांबले आणि लोक परत आत झोपायला गेले. त्यांना दोष कसा देणार? नकाशाही तेच सांगत होता.

*

आता शाळिग्राम. बऱ्याच घरांच्या देव्हाऱ्यात काळा गुळगुळीत शाळिग्राम असतो, आणि फुटलेला असेल तर आत चक्राकार नक्षी दिसते. तो येतो नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातून. ती नक्षी शंखासारख्या कवचाची आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या प्राण्याचं ते कवच. हिमालयाच्या कुशीत समुद्रातला प्राणी कसा, हे कोडं सोडवायला माणसाला विसावं शतक उजाडावं लागलं.

भारत आणि आशिया यांच्यामध्ये एक समुद्र होता. त्याचं नाव टेथिस. भारत दक्षिणेकडच्या मोठ्या खंडापासून सुटला आणि बेटासारखा उत्तरेला निघाला. त्याच्या वाटचालीतला सर्वांत जोराचा टप्पा वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगाचा होता. ऐकायला कमी वाटेल, पण प्लेटांच्या दुनियेत ही एक्स्प्रेस गाडी. वाटेत, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, या बेटाच्या पश्चिम भागातून लाव्हा बाहेर आला. एकावर एक थर साचत गेले. तेच आपलं दख्खनचं पठार.

मग सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचं उत्तरेचं टोक आशियाला भिडलं. मधल्या समुद्राचा तळ चिरडला, दुमडला आणि वर आला. सोबत ती कवचंही. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात तयार झालेला आहे.

इथे 'धडक' हा शब्द थोडा फसवतो. धडक म्हटलं की आपल्याला हायवेवरचा ट्रक आठवतो: आदळला, थांबला, संपलं. खंडांची धडक थांबत नाही. भारत आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकतो. तुमची नखं साधारण याच वेगानं वाढतात. यातला दोनेक सेंटिमीटरचा रेटा हिमालय अंगावर घेतो, उरलेला पलीकडे तिबेटात आणि त्याच्याही पुढे जिरतो. पाच कोटी वर्षं ही धडक चालूच आहे. आपण तिच्या मध्यात जन्मलो, म्हणून ती दिसत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू, कारण मलाही तो बरीच वर्षं होता. डोंगर दिसला की तो धडकेतून उभा राहिला असं नाही. तुळजापूरचा घाट चढताना बालाघाटच्या कडेला पायऱ्या-पायऱ्या दिसतात. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही 'पायरी' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एक थर. बालाघाट वर आलेला नाही. त्याच्या आजूबाजूचं सगळं झिजून खाली गेलंय. धाराशिवची लेणी कोरणाऱ्यांनी छिन्नीनं जे केलं, तेच नद्यांनी मोठ्या प्रमाणात केलं. आमचा डोंगर हा उरलेला डोंगर आहे.

*

धडकेची गोष्ट निघालीच आहे तर वर पाहू. त्या पहाटे पश्चिमेकडे कलत असलेला पौर्णिमेचा चंद्र, तो स्वतःच एका धडकेचा तुकडा आहे.

अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ मध्ये चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली. त्याआधी चंद्राबद्दल तीन मतं होती: तो पृथ्वीतूनच सुटला, किंवा तो बाहेरून येऊन अडकला, किंवा दोघं शेजारी शेजारी जन्मले. दगड तपासले तेव्हा एकही मत धड बसेना. चंद्राच्या दगडांतल्या ऑक्सिजनची जातकुळी पृथ्वीशी जुळत होती, पण चंद्रात लोखंड फार कमी होतं. जणू कुणी पृथ्वीच्या वरच्या सालीचाच गोळा केला, आतली बी घेतलीच नाही.

१९७५ मध्ये विल्यम हार्टमन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी उत्तर सुचवलं. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी नुकत्याच तयार झालेल्या पृथ्वीवर दुसरा एक ग्रह आदळला. आज तो मंगळाएवढा असावा असं मानतात, त्याला नाव दिलंय थिया. दोघांचं साल उडालं, थियाचं लोखंड पृथ्वीच्या पोटात गेलं, आणि उडालेल्या वितळलेल्या मालातून चंद्र जमला. किती काळात? काही गणितं वर्षांचा हिशेब सांगतात. २०२२ मधल्या एका संगणकीय अभ्यासात तर काही तासांत चंद्र तयार झालेला दिसतो.

असं झालं असेल तर कोवळा चंद्र वितळलेल्या खडकाचा समुद्र असायला हवा, आणि हलकी खनिजं सायीसारखी वर येऊन गोठायला हवीत. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी ते मोबाइलवर पाहिलं. त्यातल्या प्रज्ञान रोव्हरनं चंद्राच्या दक्षिणेकडच्या मातीची रासायनिक तपासणी केली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निष्कर्ष छापले: ती माती त्या गोठलेल्या सायीशी जुळते. उतरण्याच्या टाळ्यांपेक्षा मला ही बातमी मोठी वाटली होती, पण तिला फारसं कुणी फॉरवर्ड केलं नाही.

अशी झटक्यात होणारी धडक महाराष्ट्रातही आहे. बुलढाण्यातलं लोणार. दख्खनच्याच काळ्या दगडात १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, एक अशनी आदळून मिनिटाच्या आत तयार झालेला. कित्येक दशकं अनेक जाणकार त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. आघातानं बदललेली खनिजं आणि काच दाखवून १९७३ मध्ये तो वाद मिटवला गेला.

म्हणजे धडकांचे दोन स्वभाव झाले. एक चंद्राची आणि लोणारची: आली, आदळली, झालं. दुसरी हिमालयाची: कोट्यवधी वर्षं नुसतं रेटत राहायचं. किल्लारी कुठल्या खात्यात टाकायची? तिची गंमत, म्हणजे गंमत हा शब्द बरा नाही, पण तिचं वेगळेपण असं की रेटा हिमालयाचा आणि वेळ लोणारची.

*

भूकंपानंतर किल्लारीच्या पश्चिमेला शेतांतून जमिनीला एक वळ उठलेला सापडला. एक-दोन किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमीन फाटली होती आणि एक बाजू दुसरीवर चढली होती. उंची साधारण अर्धा मीटर, कुठे थोडी जास्त. मे महिन्यात घरातली फरशी फुगून शेजारच्या फरशीवर चढलेली पाहिलीये? तसंच. दोन्हीकडून दाब आला आणि मधे जागा नसली की एक तुकडा दुसऱ्यावर चढतो. हिमालयातही नेमकं हेच घडतं, फक्त तिथे ते लाखो वेळा घडून गेलंय आणि किल्लारीत चार-दोन वेळा.

जमीन ताणली गेल्यामुळे भेग पडली असती तर एक बाजू खाली घसरली असती. ती वर चढली, याचा अर्थ जमीन आवळली जात होती. दाबाची दिशाही जुळली: दक्षिण-नैऋत्येकडून उत्तर-ईशान्येकडे. भारताच्या प्रवासाची दिशा तीच. मागून हिंदी महासागराच्या तळातून ढकलणं, पुढे हिमालयाची अडवणूक, आणि मधे आपण. बाभळीची फांदी वाकवत राहिलात तर ती टोकालाच तुटते असं नाही. जिथे जुनी गाठ असेल तिथे कडकन मोडते. स्थिर पठाराच्या पोटात अशी जुनी गाठ होती, आणि वरून लाव्हाचं पांघरूण असल्यानं ती दिसत नव्हती.

पांघरूण किती जाड, हे नंतर मोजलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं भेगेजवळ बोअर घेतली. आमच्याकडे बोअर म्हटलं की पाणी लागलं का हाच प्रश्न. इथे ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचे थर लागले, मग लाव्हा येण्याआधी साचलेल्या गाळाचा आठेक मीटरचा पातळ थर, आणि त्याखाली दोनशे कोटी वर्षांहून जुना खडक. बोअर ६१७ मीटरपर्यंत नेली. भेगेच्या दोन्ही बाजूंच्या लाव्हाच्या थरांची उंची ताडून पाहिली, तर फरक अर्ध्या मीटरचा नव्हता, काही मीटरांचा होता. म्हणजे ही जागा १९९३ मध्ये पहिल्यांदा सरकली नव्हती. आधीही सरकली होती, फक्त तेव्हा नोंद ठेवायला कुणी नव्हतं.

किंवा होतं, पण त्यानं ती वेगळ्या भाषेत ठेवली. यासाठी तेरणेच्या काठानं वर, किल्लारीपासून पन्नास-साठ किलोमीटरवर तेरला जावं लागेल.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. त्याहून आधी ते तगर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर येतं, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असल्याचं म्हटलंय. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर आजही उभं आहे, मागून गोलाकार, बौद्ध चैत्यासारखं. संग्रहालयात हस्तिदंती बाई आहे. तेरच्या काही विटा पाण्यावर तरंगतात, हे आम्हाला शाळेच्या सहलीत दाखवलं होतं आणि बाकी सगळं विसरून आम्ही तेवढंच लक्षात ठेवलं.

किल्लारीनंतर सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन हे भूशास्त्रज्ञ तेरला आले. त्यांनी विटांऐवजी मातीच्या थरांकडे पाहिलं. जुन्या वस्तीच्या थरांमध्ये त्यांना सरकलेले, तुटलेले भाग सापडले, आणि त्यावरून त्यांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपाचा अंदाज मांडला. तगर त्यामुळेच ओसरलं असं म्हणायला मला आवडलं असतं. लेखाला छान झालं असतं. पण व्यापारी गावं ओसरायला रोमचा बाजार बसणंही पुरतं. एवढं मात्र म्हणता येतं की आमच्या 'स्थिर' जमिनीची स्थिरता हा आमच्या आठवणीचा तोकडेपणा होता. दीड हजार वर्षं म्हणजे साठ पिढ्या. साठ पिढ्यांपूर्वीचा धक्का कोणत्या आजीनं सांगायचा?

गावात मात्र वेगळीच कारणं चालली. ज्वालामुखी होणार, जमिनीतून वाफ येते, कुणाचं तरी पाप. यातलं एक कारण दुर्लक्ष करण्यासारखं नव्हतं: माकणीचं धरण. निम्न तेरणाचा जलाशय तिथून जवळ, आणि कोयना सगळ्यांना आठवत होती. काही शास्त्रज्ञांनी ही शक्यता गांभीर्यानं मांडली, काहींनी जलाशय उथळ आहे म्हणून नाकारली. वाद पुरता मिटलेला नाही. पण धरणवाल्यांचंही म्हणणं असं नव्हतं की पाण्यानं भूकंप 'केला'. आधीच ताणलेल्या भेगेला पाणी फार तर शेवटचा धक्का देईल. ताण देणारा रेटा प्लेटचाच.

२००२ मध्ये भूकंप नकाशा नव्यानं निघाला. पहिला विभागच रद्द झाला. देशात संपूर्ण सुरक्षित अशी जागा कागदावर उरली नाही, आणि आमचा पट्टा तिसऱ्या विभागात गेला.

*

आता पहिला प्रश्न. ६.२ मध्ये एवढी माणसं का गेली?

एक कारण वेळ: पहाट, सगळे आत, गाढ झोपेत. दुसरं, भूकंप उथळ होता, त्यामुळे धक्का विरायला जागाच मिळाली नाही. पण मुख्य कारण डोक्यावर होतं.

आमच्याकडचं जुनं घर म्हणजे माळवद. दोन-तीन फूट किंवा त्याहून जाड दगडी भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर जाळ असतो आणि आत माठासारखा गारवा. पाऊस गळला की लोक वर आणखी माती टाकत. दरवर्षी थोडी, पिढ्यान्‌पिढ्या. छप्पर टनांनी जड होत गेलं. भिंतीही दिसायला किल्ल्यासारख्या, पण बांधकाम मातीत. बाहेरून एक रांग, आतून एक रांग, मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही रांगांना धरणारा आरपार लांब दगड फार कमी. हादऱ्यानं भिंती पोट फुगल्यासारख्या फुटल्या आणि माळवद खाली बसलं. खूप जण मातीखाली गुदमरून गेले. ज्यांच्या लाकडी खांबांची चौकट पक्की होती त्यांची भिंत पडली पण छप्पर टांगून राहिलं, अशी उदाहरणंही होती. साध्या कुडाच्या झोपडीतले लोक वाचले. गावात ज्याचं घर जेवढं भारी तेवढा त्याचा घात झाला, हे आजी अजून सांगते, आणि त्यात तिला अजूनही काहीतरी न पटलेलं असतं.

पुनर्वसनाची घरं आली, रुंद रस्ते आले, जुन्या गल्ल्या आणि शेजार गेले. त्यावर वेगळा लेख होईल. इथे एवढंच, की ५२ गावांच्या यादीबाहेरच्या कित्येक गावांत माळवदं अजून उभी आहेत, काहींवर नवा मजलाही चढलाय.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला. परभणी, नांदेडपर्यंत जाणवला. आमच्या घरच्या ग्रुपवर सात वाजायच्या आत तीस-चाळीस मेसेज पडले, त्यात निम्मे 'आपल्याकडे येणार का' असे. एकाच भेगेवर मोठा धक्का परत यायला हजारो वर्षं जाऊ शकतात. पण पठाराखाली भेग एकच नाही, आणि रेटा थांबलेला नाही. याहून नेमकं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते मी ग्रुपवर टाकलं. त्यावर एक अंगठा आला.

त्याच उन्हाळ्यात चुलत्यांनी शेतातल्या घराचं काम काढलं. गवंडी म्हणाला, खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सळीचा पट्टा फिरवायचा असेल तर आत्ताच सांगा, सळी आणि सिमेंट वाढेल. घरात दोन दिवस त्यावर चर्चा झाली. एवढा खर्च कशाला, आता कुठे भूकंप येतोय, असंही एक मत होतंच. मी नकाशाचा तिसरा विभाग वगैरे सांगून पाहिलं, त्यानं कुणाचं काही हललं नाही.

आजी ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं गवंड्याला विचारलं, "वर माती टाकणार न्हाईस ना?"

"न्हाई मावशी, स्लॅब आहे."

"मग पट्टा टाक," ती म्हणाली. चुलते पैसे आणायला आत गेले.